घर गहाण ठेवून सगळी कर्जं एकत्र करावीत, की दिवाळखोरीचा अर्ज करावा? सही करण्याआधी विचारते आहे

सांजवात (डिचोली)

नमस्कार. इथे बँकेतले, वकिलीतले बरेच जण आहेत म्हणून विचारते. घरातली गोष्ट आहे, पण आता झाकून ठेवण्यासारखी राहिली नाही.

आमचा स्वतःचा ट्रक होता, खाणीवर चालायचा. २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा तो विकला आणि पुढे टुरिस्ट टॅक्सी घेतली. सीझनमध्ये महिन्याला ४५-५० हजार हाती येतात, पावसाळ्यात २२-२५ हजारांवर येतं. मी एका दवाखान्यात कामाला आहे, १४ हजार मिळतात. मुलगी अकरावीत.

कर्जं अशी आहेत. टॅक्सीचं ६ लाख २० हजार शिल्लक, हप्ता १४,८००, दोन हप्ते थकलेत. पर्सनल लोन ४ लाख, हप्ता ११,२००. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून २ लाख ३० हजार. त्यांचं 'मिनिमम ड्यू' साडेअकरा हजारांच्या आसपास येतं, तेवढंच भरतो. पतसंस्थेचं ३ लाख, हप्ता ७,५००, त्याला मिस्टरांचा मावसभाऊ जामीन आहे. मोबाइलच्या ॲपवरून घेतलेले ४० हजार. आणि नणंदेचे हातउसने १ लाख. एकूण १६ लाख ९० हजार. नुसते हप्तेच महिन्याला ४५ हजार.

आता एक एजंट घरी येऊन गेला. म्हणतो, घरावर १८ लाख काढून देतो, सगळी कर्जं बंद होतील, १५ वर्षांसाठी एकच हप्ता साडेवीस हजारांचा. घर सासऱ्यांच्या पश्चात इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) होऊन मिस्टरांच्या वाट्याला आलेलं आहे. कागदांवर माझीही सही हवी आहे. मिस्टर म्हणतात सही कर आणि मोकळे होऊ. शेजारच्या एकांनी सांगितलं की सरळ कोर्टात दिवाळखोरी जाहीर करा, सगळं माफ होतं.

दोन्हीतलं काय करावं?

मांडवीकाठ (पणजी)

ताई, हिशेबाने बघितलं तर एजंट म्हणतो ते वाईट नाही. ४५ हजारांचा हप्ता साडेवीसवर येतो. कार्डाचं व्याज ४० टक्क्यांच्या वर असतं, घरावरचं १०-११. कुठल्याही कोष्टकात हेच उत्तर येईल. दिवाळखोरीबद्दल मला माहीत नाही.

निवृत्त शाखाधिकारी (फोंडा)

मांडवीकाठ, कोष्टकात तेच येतं हे खरं. मी अशी कोष्टकं नोकरीभर बघितली आहेत, म्हणूनच जरा विस्ताराने लिहितो. ताई, ही सही तूर्त करू नका.

तुमच्या यादीकडे नीट बघा. टॅक्सीच्या कर्जाला टॅक्सी तारण आहे. बाकी पर्सनल लोन, कार्डं, पतसंस्था, ॲप, नणंद, यांपैकी कुणाकडेही तुमचं घर नाही. त्यांना वसुली करायची तर दावा लावावा लागेल, हुकूमनामा घ्यावा लागेल, मग जप्तीचा अर्ज. वेळ लागतो आणि त्या वेळात बोलणी होतात. घर गहाण टाकलं की या सगळ्या बिनतारणी कर्जांना तुम्ही स्वतःहून तारण दिलं. बँकेला मग दिवाणी कोर्टाची पायरी चढायची गरजच उरत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने ९० दिवस हप्ते थकून खातं एनपीए (थकीत कर्ज) ठरलं की ६० दिवसांची नोटीस द्यायची, आणि त्यानंतर बँक घराचा ताबा मागू शकते. तुमचा पावसाळाच चार महिन्यांचा आहे. एक पावसाळा वाईट गेला, टॅक्सी एकदा गॅरेजला लागली, की गाठ थेट घराशी पडते.

दुसरं असं की १८ लाख, १५ वर्षं, हप्ता साडेवीस हजार, म्हणजे शेवटपर्यंत जवळजवळ ३७ लाख भराल. आज देणं १७ लाखांचं आहे. वर प्रोसेसिंग फी, स्टॅम्प, मूल्यांकनाचा खर्च, आणि बहुतेक वेळा गळ्यात मारलेला विमा.

आणि सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे अशी एकत्रीकरणं झाल्यावर कार्डं चालूच राहतात. मर्यादा मोकळी झालेली दिसते, वर्षा-दीड वर्षात ती परत भरते, आणि मग घराचा हप्ताही असतो, कार्डही असतं.

आता कार्डांचं गणित. महिना साडेतीन टक्के धरले तर २ लाख ३० हजारांवर व्याज ८,०५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अजून १,४४९. तुम्ही साडेअकरा हजार भरता त्यातले साडेनऊ हजार नुसते व्याजात आणि करात जातात. दोन हजारांनी कर्ज कमी होतं. तुमच्या घरातली खरी गळती ही आहे. ही थांबवायला हवी.

माझा क्रम असा राहील. टॅक्सी आधी वाचवायची, कारण चूल तिच्यावर पेटते. थकलेले दोन हप्ते कुठूनही भरा आणि खातं ९० दिवसांच्या आत आणा. मग पतसंस्था, कारण तिथे तिसऱ्या माणसाची मान अडकलेली आहे. कार्डं आणि पर्सनल लोन शेवटी. त्या दोघांना आजच लेखी कळवा की उत्पन्न हंगामी आहे, हप्ता झेपत नाही, कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या मुदतकर्जात बदलून द्या. बऱ्याच बँका देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

घरात सोनं असेल तर थोडं विकून एक कार्ड पूर्ण बंद करता येतं का तेही बघा. गहाण ठेवू नका म्हणतो, कारण सोनेतारणाचाही पुन्हा हप्ता असतो. विकायचं मन होणार नाही हे मला कळतं.

वकीलबाय (मडगाव)

सांजवात, दिवाळखोरीचं मी सांगते, कारण त्यावर गैरसमज फार आहेत. इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं असतं.

आपल्याकडे २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली. त्यात व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. अगदी गरीब कर्जदाराला नवी सुरुवात मिळावी अशीही तरतूद त्यात लिहिलेली आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत, स्वतःचं घर नाही, अशांसाठी. पण तो भाग सामान्य माणसासाठी अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी तो चालू आहे. बाकी सगळ्यांना अजून इंग्रजांच्या काळातले कायदे: मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा, इतरत्र १९२० चा. किती जुना म्हणाल तर त्यात अर्ज करायला किमान कर्ज ५०० रुपये असावं असं लिहिलं आहे.

त्या रस्त्याने गेलात तर काय होतं? कोर्टाने नादार म्हणजे दिवाळखोर ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, तो विकून सावकारांना वाटतो, आणि पुढे केव्हातरी कोर्ट मुक्ततेचा हुकूम देतं. म्हणजे 'सगळं माफ' नव्हे. आधी मालमत्ता जाते, मग माफी. घर तारणमुक्त असलं तरी मिस्टरांचा त्यातला वाटा त्यात येतो. तारण असलेला सावकार या सगळ्याच्या बाहेर असतो, टॅक्सीवाली बँक टॅक्सी घेऊन जाऊ शकते. आणि ज्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त विचार करायला हवा तो म्हणजे मावसभाऊ: कर्जदाराला मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे. मिस्टर मोकळे होतील आणि पतसंस्था सगळे ३ लाख त्याच्याकडून मागेल.

ज्याच्याकडे विकण्यासारखं काहीच नाही आणि मागे सावकारांची रांग आहे, अशा एखाद्याला हा रस्ता उपयोगी पडतो. तुमच्याकडे घर आहे, चालतं वाहन आहे, दोन कमाया आहेत. तुमच्यासाठी तो नव्हे.

आता सहीबद्दल, कारण हा खास गोव्याचा मुद्दा आहे आणि बाहेरून आलेले एजंट तो कधी समजावून सांगत नाहीत. तुमचं लग्न गोव्यात नोंद झालेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर आपल्याकडच्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे तुम्ही दोघं सगळ्या मालमत्तेचे अर्धे-अर्धे मालक आहात. वारशाने आलेलं घरसुद्धा त्यात येतं. म्हणून बँक तुमची सही मागते. उपकार म्हणून किंवा रिवाज म्हणून मागत नाही, तुमच्याशिवाय ते घर तिला गहाण घेताच येत नाही म्हणून मागते. आजची कर्जं मिस्टरांनी एकट्याने काढलेली दिसतात. ती तुमच्या अर्ध्या हिश्शावर येतात की नाही, हे पैसे संसाराच्या हितासाठी वापरले गेले का यावर ठरतं, आणि ते समोरच्याला कोर्टात मांडावं लागतं. तुम्ही सही केलीत की हा प्रश्नच संपला. तुमचा अर्धा हिस्सा तुम्ही स्वतः दिलात.

नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. घरात भांडण न करता तो वापरा, पण वापरा.

सांजवात (डिचोली)

तुम्हा दोघांचे फार आभार. अर्धं घर माझं आहे हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. वसुलीवाले सकाळी सात वाजल्यापासून फोन करतात. रात्री दहालाही येतो. एकाने दवाखान्यात माझ्या डॉक्टरांना फोन केला. ॲपवाल्यांनी मिस्टरांच्या मोबाइलमधल्या नंबरांवर मेसेज टाकले, त्यांत मुलीच्या क्लासचे सरसुद्धा होते. आणि पर्सनल लोनच्या वेळी सही केलेले कोरे चेक दिलेले आहेत. 'चेक टाकतो, मग पोलीस येतील' असं सांगतात. तुरुंग होतो का हो?

मिस्टर फोन बंद करून बसतात. स्टँडवरही जात नाहीत काही दिवस.

कुळागर (सांगे)

बाय, तुमचा ट्रक होता हे वाचलं आणि लिहायला बसलो. माझेही होते.

२०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी पहिल्यांदा थांबल्या तेव्हा सांगे, केपे, डिचोली, सत्तरी, चारही तालुक्यांत घरासमोर ट्रक उभे राहिले. टायर बसले, बोनेटवर वेल चढले. हप्ता मात्र उभा राहत नाही. सरकारने २०१४ मध्ये खाणग्रस्त कर्जदारांसाठी मदत योजना आणली, काही जणांनी त्यातून एकरकमी तडजोड करून सुटका करून घेतली. जरा सावरतो तो ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, खाणींची ८८ लीज रद्द, आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद.

या सगळ्यात मी आमच्या वाड्यावर एक बघितलं. बँकेला टाळणारे आणि बँकेत जाऊन बसणारे, दोघांकडेही पैसे नव्हतेच. पण जो दर महिन्याला जाऊन, चार हजार का होईना, भरून पावती घेत होता, त्याला तडजोडीच्या वेळी बरी रक्कम मिळाली. मॅनेजर बदलला तरी फाइलीत दिसतं हा माणूस येत होता. जे गेलेच नाहीत, त्यांच्या फाइली वसुली एजन्सीकडे गेल्या आणि ट्रक रात्री उचलला गेला. माझा एक ट्रक एका फायनान्स कंपनीने असाच नेला, नोटीस नंतर आली. कवडीमोलाने विकला आणि उरलेले पैसे परत माझ्याकडेच मागितले. म्हणून सांगतो, टॅक्सीचं खातं थकू देऊ नका. गाडी नेली म्हणजे कर्ज मिटलं असं होत नाही. विकून जे कमी पडतं ते आपल्याच डोक्यावर राहतं.

मिस्टरांना सांगा स्टँडवर जा. मोपाच्या विमानतळाला असो की कळंगुटला, गाडी फिरली पाहिजे.

पेडणेकर जामीनदार

मी दुसऱ्या बाजूचा. ओळखीच्या एकाला पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलो. तो मस्कतला गेला, फोन लागेना. मला सहकार खात्याच्या निवाड्याची नोटीस आली तेव्हा थकबाकी किती वाढली ते कळलं. माझ्या पगारातून कापलं जातं.

सांजवात ताई, तुमच्या मावसभावाला आजच्या आज भेटा. पैसे मागायला नव्हे, सांगायला. जामीनदाराचं सगळ्यात जास्त नुकसान उशिरा कळण्याने होतं. मला वेळेवर कळलं असतं तर मी आधीच संस्थेशी बोललो असतो, दंडव्याज थांबवलं असतं. त्याने माझ्या तोंडावर येऊन सांगितलं असतं तर आज आमचं बोलणं तरी राहिलं असतं.

वकीलबाय (मडगाव)

पेडणेकर, तुम्ही भरलेली प्रत्येक रक्कम मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे. संस्थेकडून भरण्याचे दाखले घेऊन ठेवा आणि तीन वर्षांच्या आत दावा लावा. मस्कतला असला तरी इथे त्याची जमीन असेल.

सांजवात, एकेक घेते.

तुरुंग. कर्ज फेडता येत नाही हा गुन्हा नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की निव्वळ ऐपत नाही म्हणून माणसाला दिवाणी कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून मुद्दाम टाळलं तर गोष्ट वेगळी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटक करताच येत नाही.

चेक मात्र हलक्यात घेऊ नका. तो परत गेला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागतं. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत त्यांनी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे, नाही भरले तर पुढच्या महिन्याभरात ते तक्रार करू शकतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ही कोर्टातली फिर्याद असते, पोलीस दारात येऊन उचलून नेत नाहीत. बहुतेक प्रकरणं तडजोडीत मिटतात. नोटीस आली तर पाकीट परत पाठवू नका. घ्या, तारीख लिहा आणि माझ्यासारख्या कुणाकडे या. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ असंच लागतं.

फोन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. घरी येणाऱ्याकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र हवं. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा, फोन रेकॉर्ड करा, आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल टाका. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. एक पैसा लागत नाही, चौकशीचा नंबर १४४४८. एक लक्षात ठेवा, पतसंस्था लोकपालाखाली येत नाही, तिची तक्रार सहकार निबंधकाकडे.

ॲप. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कळवलेल्या कर्जाच्या ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर २०२५ पासून आहे. त्यात हे नसेल तर १९३० वर सायबर तक्रार करा आणि त्या मेसेजांचे स्क्रीनशॉट घेऊन डिचोली पोलिसांत जा. यादीतल्या ॲपलासुद्धा मोबाइलमधले नंबर उघडायची परवानगी नाही. परवानगी काढून घ्या, मग ॲप काढा. मूळ घेतलेली रक्कम आणि आजवर भरलेली, दोन्ही बँकेच्या पासबुकावरून लिहून काढा.

जप्तीची भीती वाटत असेल तर हेही माहीत असू दे. दिवाणी कोर्टाला अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने जप्त करता येत नाहीत. मंगळसूत्राला कुणी हात लावणार नाही. भविष्य निर्वाह निधीही सुरक्षित असतो.

आणि तुम्ही बाई आहात, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. डिचोली कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० ला फोन करा. दावा लागायच्या आधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवा असा अर्ज करता येतो. कोर्ट फी नाही, आणि तिथे जे ठरतं त्यावर अपील नसतं, म्हणून झेपेल तेवढ्यालाच होकार द्या.

मांडवीकाठ (पणजी)

वाचतो आहे. पोर्तुगीज कायद्याची बाजू मी धरलीच नव्हती, सही करू नये हे पटलं.

पण तडजोडीबद्दल एक सावधगिरी सांगायलाच हवी. कार्डाची थकबाकी थोड्या पैशांत मिटवली की सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदीच्या अहवालात, 'सेटल्ड' असं येतं, पूर्ण फेडलं असं येत नाही. ती नोंद वर्षानुवर्षं राहते. दोन-तीन वर्षांत मुलीसाठी शैक्षणिक कर्ज लागेल. मिस्टर सहकर्जदार असतील तर बँक हे बघणार.

निवृत्त शाखाधिकारी (फोंडा)

मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच सहकर्जदार म्हणून ताईंचं नाव स्वच्छ ठेवायचं. सही न करण्याचं हे आणखी एक कारण. असे अहवाल ठेवणारे सिबिलसारखे चारही क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा फुकट अहवाल देतात. दोघांचेही काढून बघा, भलतंच एखादं कर्ज नावावर लागलेलं नाही ना.

तडजोड ही पहिली पायरी नव्हे. आधी मुदत वाढवून मागायची, व्याज कमी करून मागायचं. याचीही किंमत असते. पुनर्रचना केलेलं खातं बहुधा एनपीएत धरलं जातं आणि अहवालात दिसतं. तरीसुद्धा रोज फोन खाण्यापेक्षा ते बरं. तेही झेपलं नाही तरच तडजोड, आणि ती रक्कम हातात असेल तरच. २०२३ च्या जूनमधल्या परिपत्रकाप्रमाणे तडजोड केलेली बँक पुढचे किमान १२ महिने तुम्हाला नवं कर्ज देत नाही. दंडाबद्दलही सांगतो, २०२४ पासून बँकेला दंडव्याज लावून ते मुद्दलात मिळवता येत नाही, फक्त दंडशुल्क, तेही वाजवी. खात्याचा उतारा मागा आणि तपासा.

अजून एक. पर्सनल लोन ज्या बँकेत आहे, त्याच बँकेत टॅक्सीची कमाई जमा होत असेल तर ती कमाई दुसऱ्या बँकेतल्या खात्यात घ्या. थकलेल्या कर्जापोटी बँक तुमची शिल्लक वळती करू शकते, मग घरखर्चालाही उरत नाही.

कुणी असंही विचारेल की बँकच बुडाली तर कर्ज जातं का. २०२० मध्ये म्हापसा अर्बनचा आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा परवाना रद्द झाला तेव्हा हा प्रश्न मला कितीतरी लोकांनी विचारला. जात नाही. बँक गुंडाळायला नेमलेला लिक्विडेटर येतो आणि तो वसूल करतो.

वाळपईची शिक्षिका

सगळे पैशाचं लिहीत आहेत, ते हवंच आहे. पण ताई, तुम्ही एक ओळ लिहिलीत, मिस्टर फोन बंद करून बसतात, स्टँडवर जात नाहीत. ती मला सोडवत नाही.

माणूस कर्जात असला की आधी झोप जाते, मग बोलणं जातं. बाहेर सगळे आपल्याचकडे बघतात असं वाटायला लागतं. आपल्या गावांत तर सगळ्यांना सगळं कळतं, देवळात गेलं तरी कुणीतरी विचारतं. त्यांना एकट्याला सोडू नका. फोन तुम्ही घ्या, वही तुम्ही धरा, बँकेत दोघं मिळून जा. त्यांच्या बोलण्यात कधी 'मी नसलो तर बरं' असं काही आलं तर ते रागाचं बोलणं समजू नका, सरळ विचारा, आणि १४४१६ वर फोन लावा, टेलिमानसचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. डॉक्टर तुमच्या दवाखान्यातच आहेत, त्यांनाही सांगा. त्यांना वसुलीवाल्याचा फोन येऊन गेलाच आहे, आता लाजण्यासारखं काही उरलेलं नाही.

मुलीलाही सांगा. अकरावीतल्या मुलीला कळत असतं. क्लासच्या सरांना मेसेज गेलाय म्हणजे ती रोज ते ओझं घेऊन जाते आहे. आणि चतुर्थीचा खर्च यंदा दोघांनी बसून आधीच ठरवा. माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळांची सजावट) घरच्या भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, फळांची होते, पाच दिवसांऐवजी दीड दिवस ठेवला तरी गणपती घरात येतोच.

सांजवात (डिचोली)

थोडं थांबून लिहिते आहे.

सही केली नाही. मिस्टर आधी रागावले. मग वकीलबायनी लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं, मावसभावाबद्दलचं ऐकून ते गप्प झाले. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. तो चिडला, पण म्हणाला निदान सांगायला आलात. पतसंस्थेत आता तिघं मिळून जाणार आहोत.

माझ्या दोन बांगड्या विकल्या. त्यातून टॅक्सीचे थकलेले हप्ते भरले आणि लहान कार्ड पूर्ण बंद केलं, बंद झाल्याचं पत्र मागितलं आहे. दुसरं कार्ड कापून टाकलं. ॲप यादीत नव्हतं, १९३० वर तक्रार नोंदवली, तेव्हापासून मेसेज थांबलेत. नणंदेला सांगितलं, ती म्हणाली माझं शेवटी द्या.

मिस्टर मोपाला जायला लागलेत. १४४१६ वर एकदा बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आता पर्सनल लोन आणि मोठ्या कार्डाच्या बँकेला पत्र द्यायचं आहे. त्यात नेमकं काय लिहावं? आणि शाखेतली मुलगी म्हणते पत्र नको, कस्टमर केअरला फोन करा.

निवृत्त शाखाधिकारी (फोंडा)

ताई, फार चांगलं केलंत.

फोनवर काहीही मान्य करू नका. पत्रच द्या. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. वर कर्ज खात्याचा नंबर, खाली उत्पन्नाची स्थिती: जून ते सप्टेंबर इतके, ऑक्टोबर ते मे इतके, घरखर्च इतका, इतर हप्ते इतके, म्हणून तुम्हाला आज महिन्याला इतके देऊ शकतो. हा आकडा खरा असू दे. पावसाळ्यातला आणि सीझनमधला हप्ता वेगळा मागा, पावसाळ्यात कमी, सीझनमध्ये जास्त. टॅक्सीवाल्याचं हे मागणं मॅनेजरला समजतं. 'माफ करा' असं कुठेही लिहू नका, 'फेडायचं आहे, मुदत हवी' असं लिहा. मागे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडा. वसुलीचे फोन अमुक वेळी येतात, ते थांबवावेत, हे शेवटच्या परिच्छेदात.

आणि पतसंस्थेत जाल तेव्हा खात्याचा पूर्ण उतारा मागा, पहिल्या दिवसापासूनचा. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे वेगळं करून. तिघांसमोर हिशेब झाला की दंड कमी करायला संचालक मंडळ तयार होतं, असा माझा अनुभव आहे. काही ठरलं तर ठरावाची प्रत घ्या.

शाखेत पत्राच्या दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर तारीख आणि शिक्का. घेत नाही म्हणाले तर भांडू नका, तीच स्पीड पोस्टाने शाखेला आणि मुख्य कार्यालयातल्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. पोचपावती आली की लोकपालाचे ३० दिवस तिथून मोजायचे. आकडे भरून झाले की पत्राचा मसुदा इथे टाका, नाव आणि खाते क्रमांक काढून. मी बघून देतो.